मूळपुरुषाचा शोध : चार्ल्स इंगल्स आणि कॅन्ससमधील दीड-दोन वर्षे

आपल्याकडील कुलवृत्तान्तांत मूळपुरुषाचे वर्णन बहुधा ठरावीक शब्दांत येते. अमुक गावाहून ते निघाले, रान तोडून त्यांनी जमीन लागवडीस आणली आणि घराणे तेथे स्थिरावले. त्या रानात आधी कोणाचा वावर होता, हा प्रश्न वृत्तान्तकारास सहसा पडत नाही. अमेरिकेच्या सरहद्दीवर वसाहत करणाऱ्यांच्या वंशजांनी लिहिलेल्या कथाही याच वळणाच्या आहेत. त्यांतील सर्वांत गाजलेली कथा म्हणजे लॉरा इंगल्स वाइल्डर हिची 'लिटल हाऊस' ही पुस्तकमाला. तिचा खरा नायक लॉराचा पिता चार्ल्स इंगल्स हाच आहे. पुस्तकातील हा पिता आणि दप्तरांत सापडणारा चार्ल्स यांना शेजारी ठेवून पाहिले, तर साहित्याच्या अभ्यासकास उपयोगी पडेल असे काही हाती लागते, असे आम्हांस वाटते.

चार्ल्सचा जन्म 1836 साली न्यू यॉर्क राज्यातला. बालपणीच त्याचे कुटुंब पश्चिमेकडे इलिनॉयला आणि पुढे विस्कॉन्सिनला सरकले. 1860 साली त्याने कॅरोलाइन क्वायनर हिच्याशी विवाह केला. लॉरा 1867 साली विस्कॉन्सिनमधील पेपिनजवळ जन्मली. पुढच्याच वर्षी तेथील जमीन उधारीवर विकून चार्ल्स प्रथम मिसूरीत व तेथून 1869 साली कॅन्ससमध्ये गेला. 1935 साली प्रसिद्ध झालेली 'लिटल हाऊस ऑन द प्रेअरी' ही कादंबरी याच मुक्कामाची कथा सांगते.

हे घर नेमके कोठे होते? इंडिपेंडन्स गावापासून चाळीस मैलांवर, असे कादंबरी सांगते. तेवढे अंतर मोजले, तर आपण आजच्या ओक्लाहोमा राज्यात पोहोचतो. लॉरा तेथे राहिली तेव्हा तिचे वय दोन ते चार वर्षांचे होते. आठवण म्हणून तिने जे लिहिले, त्यातील बहुतेक वडिलांच्या तोंडून ऐकलेले होते. खुलासा झाला तो कौटुंबिक बायबलमधून. धाकटी बहीण कॅरी हिचा 3 ऑगस्ट 1870 रोजीचा जन्म त्यात नोंदलेला असून जन्मस्थळ कॅन्ससमधील मॉन्टगोमरी काउंटी असे आहे. 1870च्या खानेसुमारीतही हे कुटुंब त्याच काउंटीतील रटलंड टाउनशिपमध्ये सापडते. या कागदांच्या आधारे पुढे जागा निश्चित झाली. ती इंडिपेंडन्सपासून सुमारे तेरा मैलांवर आहे.

अंतराची चूक क्षम्य म्हणता येईल. परंतु जागा निश्चित होताच दुसरा प्रश्न उभा राहतो. ही जमीन चार्ल्सची नव्हतीच. ती ओसेज लोकांच्या राखीव प्रदेशात होती आणि तेथे घर बांधण्याचा कायदेशीर अधिकार कोणाही वसाहतवाल्यास नव्हता. 1862च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे वस्ती करणाऱ्यास 160 एकर सरकारी जमीन मिळत असे. पण ओसेजांची जमीन त्या कायद्याखाली येत नव्हती. शिकारीच्या हंगामात ओसेज लोक म्हशींच्या मागावर पश्चिमेस जात, तेव्हा त्यांचे मके लुटणे, घोडे पळविणे, इतकेच नव्हे तर त्यांची थडगी उकरणे, असे प्रकार चालत, याच्या तक्रारी सरकारी एजंट आयझॅक गिब्सन याने वरिष्ठांकडे केल्या होत्या. यांपैकी काही चार्ल्सने केले असे म्हणण्यास आधार नाही. तथापि तो ज्या गर्दीत होता, तिचे स्वरूप हे होते.

कादंबरीच्या शेवटी सैन्य वसाहतवाल्यांना हुसकावणार असल्याची वार्ता येते आणि पिता संतापून घर सोडतो. वाचकाची सहानुभूती त्याला मिळते, कारण सरकारने त्याच्यावर अन्याय केला आहे. इतिहास याच्या नेमका उलट आहे. 15 जुलै 1870च्या कायद्याने ही जमीन वसाहतवाल्यांना एकरी सव्वा डॉलरने विकण्याचे ठरले आणि ओसेजांनाच दक्षिणेस जावे लागले. चार्ल्स टिकून राहता, तर जमीन त्याला विकत घेता आली असती. पेपिनच्या खरेदीदाराला पैसे देता येईनात, म्हणून 1871 साली इंगल्स कुटुंब परत गेले. म्हणजे हुसकावले गेले ते एक, आणि हुसकावल्याचे दुःख कथेत आले ते दुसऱ्याचे.

आम्हांस हा केवळ तपशिलाचा फरक वाटत नाही. कन्येच्या मनात पिता बेकायदा घुसलेला मनुष्य असूच शकत नव्हता. ही निव्वळ लबाडी म्हणावी, असेही आम्हांस वाटत नाही. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांविषयी आपणही असेच बोलतो. पुढील आयुष्यातही हीच गाळणी दिसते. मिनेसोटात टोळधाडीने पिके गेली, तेव्हा 1875च्या अखेरीस आपण पूर्णतः निर्धन आहोत असे लिहून देऊन चार्ल्सने सरकारी पीठ घेतले. पुढच्या ऑगस्टमध्ये त्याचा नऊ महिन्यांचा एकुलता एक मुलगा वारला. नंतर आयोवातील बर ओक येथे हॉटेलात राबून, कर्ज न फेडता, कुटुंब रात्रीतून निघून गेले. यांतील पीठ, मुलगा आणि बर ओक या तिन्ही गोष्टी कादंबऱ्यांत नाहीत. मुलाचे मरण व बर ओक लॉराने 1930 साली लिहिलेल्या आत्मकथनात आहेत. ते 'पायोनियर गर्ल' या नावाने टिपांसह 2014 साली प्रसिद्ध झाले. स्वावलंबनाचे गोडवे गाणाऱ्या कथेत सरकारी पिठाला जागा नव्हती.

एका पाठभेदाकडे येथे लक्ष वेधले पाहिजे. 1935च्या आवृत्तीत आरंभीच असा आशय होता की त्या प्रदेशात माणसे नव्हती, फक्त इंडियन राहत. 1952 साली एका वाचकाने प्रकाशकांकडे यावर हरकत घेतली. लॉराने चूक मान्य केली आणि 1953च्या आवृत्तीत 'माणसे' या शब्दाच्या जागी 'वसाहतवाले' हा शब्द आला. अठरा वर्षे तो मजकूर असंख्य घरांत वाचला गेला होता. 2018 साली अमेरिकी बालग्रंथपालांच्या संघटनेने लॉराच्या नावाचा पुरस्कार दुसऱ्या नावाने देण्याचे ठरविले, त्यामागेही अशीच वाक्ये होती.

मग ही पुस्तके वाचू नयेत काय? आमचे मत तसे नाही. त्याच कादंबरीत हिवतापाने सगळे घर आडवे झाले असता एक कृष्णवर्णीय डॉक्टर येऊन उपचार करतो. जॉर्ज टॅन हा डॉक्टर 1870च्या खानेसुमारीत इंगल्स कुटुंबाचा शेजारी म्हणून सापडतो. म्हणजे कथा जेथे खरी आहे, तेही कागदच सांगतात.

चार्ल्सला अखेर 1886 साली डकोटात, डी स्मेट गावाजवळ, होमस्टेडचा पक्का हक्क मिळाला. तरी त्याची अखेरची वर्षे गावातच गेली आणि तेथेच 1902 साली तो वारला. आपापल्या घराण्याचे वृत्तान्त लिहू पाहणाऱ्या विद्यार्थ्यांना आम्ही एवढेच सुचवू : मूळपुरुषाने रान तोडले, या वाक्यापाशी थांबावे, आणि त्या सालचे दप्तर काढून रान कोणाचे होते ते पाहावे.