शाकाहाराची वाट : ख्रिस्ती इतिहासातील काही पाऊलखुणा

श्रावण लागला की भिवंडी तालुक्यातील वळ आणि आसपासच्या गावांतून अनेक घरांच्या चुलीवरून मासळी उतरते. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलाचे कालवण यांवर वाढलेली ही कुटुंबे महिनाभर वाल, मूग आणि पालेभाजी यांवर राहतात. काही घरांतील एखादा कर्ता पुरुष पंढरपूरला जाऊन गळ्यात तुळशीची माळ घालून येतो आणि त्याच्यापुरता श्रावण बारमाही होतो. ठाणे जिल्ह्यातील आगरी समाजात वारकरी भक्ती रुजविण्याचे मोठे कार्य ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे यांनी केले. खाडीकाठच्या माणसाने मासळी सोडणे किती कठीण असते, हे खाडीकाठच्या माणसालाच कळेल.

या शेजाऱ्यांकडून आम्हां ख्रिस्ती लोकांना एक प्रश्न नेहमी विचारला जातो : "तुमच्यात असे काही नसते का?" आपल्यापैकी बहुतेक जण हसून उत्तर देतात, "आम्हांला सगळे चालते." उत्तर खोटे नाही. परंतु त्यातून 'ख्रिस्ती म्हणजे मांस खाणारा' असे एक समीकरण तयार होते, आणि शेजाऱ्यांपेक्षाही आपणच त्यावर अधिक विश्वास ठेवू लागतो. अलीकडे आपल्या घरांतील काही तरुण-तरुणी मांसाहार सोडू पाहतात. कोणी प्रकृतीसाठी, कोणी मुक्या प्राण्यांच्या दयेपोटी, तर कोणी निसर्गाच्या काळजीने. अशा वेळी घरात वाद होतात. आई काळजीने विचारते, "हा आता मिस्सालाही यायचा बंद होणार काय?" या मातांच्या समाधानासाठी आणि त्या तरुणांच्या मार्गदर्शनासाठी ख्रिस्तसभेच्या इतिहासाची काही पाने उलटून पाहणे आम्हांस आवश्यक वाटते.

शास्त्रातील आरंभ

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देवाने मनुष्याला अन्न म्हणून धान्य आणि फळे नेमून दिली. मांसाची मोकळीक मिळते ती नोहाच्या जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात. पुढे बाबेलच्या राजवाड्यात दानिएल आणि त्याचे तीन सोबती राजाच्या ताटातील अन्न व मद्य नाकारतात आणि कारभाऱ्याकडे केवळ दहा दिवसांची मुदत मागतात. दहा दिवस भाजीपाला आणि पाणी द्यावे, मग चेहरे पाहून ठरवावे, एवढीच त्यांची विनंती. नव्याने शाकाहार सुरू करणाऱ्याने हा प्रसंग अवश्य वाचावा. दानिएल आयुष्यभराची प्रतिज्ञा करीत नाही, कारभाऱ्याशी भांडत नाही आणि इतर तरुणांच्या ताटांविषयी एक शब्दही काढीत नाही.

नव्या करारात संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा चौदावा अध्याय तर याच प्रश्नावर आहे. रोमच्या मंडळीत सर्व काही खाणारे होते, तसेच केवळ भाजीपाला खाणारेही होते. पौल कोणाचेही ताट बदलत नाही. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ लेखू नये आणि न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोषी ठरवू नये, असा समतोल तो घालून देतो. ख्रिस्तसभेचा या बाबतीतील पाया हाच आहे.

मठांतील स्वयंपाकघर

या पायावर पुढे संन्यासी संघांनी आपली शिस्त उभारली. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने मठवासीयांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्यात चतुष्पाद प्राण्यांचे मांस वर्ज्य केले. आजाऱ्याला मात्र शक्ती येईपर्यंत ते द्यावे असे सांगितले. त्याच नियमावलीत भोजनासाठी दोन शिजवलेले पदार्थ असावेत, म्हणजे ज्याला एक चालत नाही तो दुसरा खाईल, अशी तरतूद आहे. काम अधिक कष्टाचे असेल तेव्हा मठाधिपतीने अन्न वाढवावे, हेही त्यात आहे. सुमारे पंधराशे वर्षांपूर्वीच्या या संताला माणसाचे पोट चांगले ठाऊक होते.

१०८४ साली संत ब्रुनोने स्थापन केलेल्या कार्थुसियन संघाने मांस पूर्णपणे सोडले. पंधराव्या शतकातील इटलीचे संत फ्रान्सिस ऑफ पाओला यांनी तर आपल्या मिनिम संघाला दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन यांच्या जोडीला चौथे व्रत दिले : मांस, अंडी, दूध आणि दुधाचे पदार्थ यांचा आजन्म त्याग. हे संत नव्वदी ओलांडून १५०७ साली वारले. शाकाहार ही परधर्माची खूण आहे असे मानणाऱ्यांनी त्यांचे चरित्र जरूर पाहावे.

आपल्या मातीतील कटू स्मृती

परंतु हा वारसा घेऊन जे युरोपीय आपल्या किनाऱ्यावर आले, त्यांच्यासोबत एक दुसरी समजूतही आली. नवख्रिस्ती मनुष्य पुरता बदलला की नाही, हे त्याच्या स्वयंपाकघरावरून ओळखण्याची ती समजूत होती. गोव्याच्या इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या फर्मानात अंगणात तुळस लावणे, धोतर नेसणे यांबरोबरच हिंदूंप्रमाणे मिठाशिवाय भात शिजविणे हेसुद्धा निषिद्ध ठरले. भातात मीठ कधी घालावे, यावर धर्मसत्तेने पहारा ठेवावा, हे आज वाचताना मान खाली जाते.

या काळाची सावली वळच्या परिसरापासून दूर नव्हती. शेजारच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक हे पोर्तुगीज सत्तेविरुद्ध पेशव्यांकडे खटपट करणाऱ्यांत अग्रभागी होते. १७३७ साली सुरू झालेली मराठ्यांची मोहीम १७३९ साली वसई जिंकून पूर्ण झाली. धर्माच्या बाबतीतील जुलूम हे त्या असंतोषाचे एक मोठे कारण होते. आपल्या शेजाऱ्यांच्या कुळकथांत तो काळ अजून शिल्लक आहे, आणि म्हणून आपल्या ताटाविषयी त्यांना पडणारा प्रश्न केवळ कुतूहलाचा नसतो.

मदुराईचा संन्यासी

याच्याही शंभराहून अधिक वर्षे आधी एका येशूसंघीय धर्मगुरूने अगदी उलट वाट धरली होती. रॉबर्टो दे नोबिली हा इटलीच्या सरदार घराण्यातील तरुण १६०५ साली गोव्यास उतरला आणि पुढच्याच वर्षी मदुराईस पोहोचला. तेथे आधीपासून काम करणारे फादर गोन्सालो फर्नांडिस सज्जन होते, परंतु नगरातील उच्चवर्णीयांच्या दृष्टीने ते 'परंगी' म्हणजे फिरंगी होते : गोमांस खाणारे आणि मद्य पिणारे. त्यांचे बोलणे ऐकण्यापूर्वीच त्यांच्या ताटाने त्यांचा निकाल लावला होता.

नोबिलींनी काषाय वस्त्रे आणि लाकडी खडावा स्वीकारल्या, तमिळ व संस्कृत आत्मसात केले आणि मांस, मासे, अंडी व मद्य वर्ज्य केले. ब्राह्मण आचाऱ्याच्या हातचे भात, भाजी, दूध व तूप यांचे भोजन, तेही दिवसातून एकदा, एवढाच त्यांचा आहार राहिला. तिशीच्या उंबरठ्यावर असलेल्या, युरोपीय भोजनावर वाढलेल्या मनुष्याने केलेला हा बदल होता. १६५६ साली मैलापूर येथे, ऐंशीच्या घरात असताना, त्यांचा देहान्त झाला. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे त्यांनी तो निभावला.

त्यांच्यावर स्वकीयांनीच तक्रारी केल्या. १६१९ साली गोव्यात त्यांच्या पद्धतीची चौकशी झाली आणि १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी निर्णय दिला. वाद मुख्यतः जानवे, शेंडी, चंदन आणि स्नान यांविषयी होता. अंधश्रद्धेचा अंश काढून टाकून या गोष्टी ठेवता येतील, असे पोपमहाशयांनी ठरविले. त्याचबरोबर उच्चवर्णीय नवख्रिस्ती लोकांनी खालच्या मानलेल्या बांधवांचा तिरस्कार करू नये, असेही त्यांनी बजावले.

ही ताकीद अनाठायी नव्हती. नोबिलींच्या शाकाहाराने एका समाजाचे दार उघडले, पण त्याच आहाराला जातीची शिवाशीव चिकटलेली होती. एकाच संघाचे, एकाच वेदीचे दोन धर्मगुरू मदुराईत वेगळ्या घरांत राहत आणि वेगळे जेवत. पुढे १६४० पासून 'पंडारस्वामी' म्हणविणाऱ्या येशूसंघीयांनी तोच साधा शाकाहार ठेवून सर्व जातींमध्ये काम सुरू केले. त्याच परंपरेतील संत जॉन डी ब्रिटो यांनी १६९३ साली ओरियूर येथे रक्तसाक्ष दिली. शाकाहार तोच, परंतु भिंत घालणारा आणि भिंत पाडणारा असे त्याचे दोन उपयोग मदुराईच्या इतिहासात आपणांस स्पष्ट दिसतात.

महाराष्ट्रातील उदाहरणे

आपल्या महाराष्ट्रात हा प्रश्न दुसऱ्या बाजूने उभा राहिला. पंडिता रमाबाई आपल्या कॅथलिक सभेतील नव्हत्या, तरी त्यांचे उदाहरण आपणांस परके नाही. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या आश्रयाने राहत असताना २९ सप्टेंबर रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला. मात्र शाकाहार सोडला नाही. अंडी घातलेले गोड पदार्थही त्या घेत नसत. त्यांच्या गुरुभगिनी सिस्टर जेराल्डिन यांना हा जातीचा अवशेष वाटे. रमाबाईंनी पत्राने दिलेले उत्तर मार्मिक होते : इंग्रज स्त्री हिंदू लोकांत येऊन राहिली आणि कोणाला अपाय न करणाऱ्या आपल्या सवयी तिने बदलल्या नाहीत, तर तिला कोणी गर्विष्ठ म्हणेल काय? १९२२ साली निधन होईपर्यंत त्या शाकाहारीच राहिल्या. त्यांच्या ख्रिस्तभक्तीत त्यामुळे काही उणे पडले, असे केडगावचे मुक्ती मिशन पाहणारा कोणीही म्हणणार नाही.

लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'तही पाण्याच्या भांड्यावरून आणि चुलीवरून झालेला मनाचा झगडा आहे. पती १८९५ साली ख्रिस्ती झाले, त्या स्वतः पाच वर्षांनी झाल्या. मधल्या काळात रेव्हरंड टिळकांनी पत्नीच्या सोवळ्याला धीराने वाट दिली. एका घरात दोन प्रकारचे जेवण प्रेमाने शिजू शकते, याचा तो पुरावा आहे.

टिळकांपासून प्रेरणा घेऊन जॅक विन्स्लो या अँग्लिकन धर्मगुरूंनी १९२२ साली ख्रिस्त सेवा संघ स्थापन केला. पुढे पुण्यातील आश्रमात इंग्रज आणि भारतीय बंधू खादी नेसून, जमिनीवर एका पंगतीत बसून शाकाहारी भोजन करीत. १९७० च्या दशकात त्याच जागी वाँटेजच्या भगिनी आणि आपल्या सेक्रेड हार्ट संघाच्या भगिनी यांनी मिळून आश्रमजीवन पुन्हा सुरू केले. ज्या संघात रमाबाईंचा शाकाहार खटकला होता, त्याच संघाच्या भगिनी नव्वद वर्षांनी पुण्यात भारतीय पंगतीला बसल्या! केरळात १९५८ साली फादर फ्रान्सिस आचार्य आणि फादर बीड ग्रिफिथ्स यांनी उभारलेल्या कुरिसुमला आश्रमानेही शाकाहार स्वीकारला आणि डोंगरावर गाई पाळून दूधदुभत्याचा व्यवसाय उभा केला.

नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी

या इतिहासातून घरगुती उपयोगाच्या काही गोष्टी निघतात. पहिली म्हणजे मुदत. दानिएलाप्रमाणे दहा दिवसांपासून, किंवा उपवासकाळाच्या चाळीस दिवसांपासून आरंभ करावा. एकदम जन्माची शपथ वाहू नये. दुसरी गोष्ट भरपाईची. ताटातून मासा उचलला आणि जागा रिकामी ठेवली तर आठवड्याभरात मनुष्य थकतो. भातासोबत वरण किंवा उसळ हवीच, कारण तांदळातील प्रथिनांत जे कमी असते ते डाळीत मिळते. वालाचे बिरडे, मूग, मटकी, चवळी, नाचणी, पालेभाज्या आणि शेंगदाणे हे आपल्याच बाजारातील धन आहे. मसाला मात्र बदलू नये. कालवणातील चिंच आणि बाटलीतला मसाला वांग्या-बटाट्यालाही तीच चव आणतो, आणि अर्धी ओढ चवीचीच असते.

तिसरी गोष्ट प्रकृतीची. ब-१२ हे जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. दूध-दही घेणाऱ्याला ते काही प्रमाणात मिळते. तेही सोडणाऱ्याने डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळ्या घ्याव्यात. गरोदर स्त्रिया, वाढती मुले, आजारी माणसे आणि वळच्या गोदामांत दिवसभर गोणी उचलणारे आपले बांधव यांच्यासाठी संत बेनेडिक्टची सवलत आजही लागू आहे.

चौथी गोष्ट शुक्रवारची. पोप सहावे पॉल यांनी १९६६ साली प्रायश्चित्ताचे नियम सौम्य केले. तरी १९८३ च्या धर्मसंहितेत शुक्रवारचा मांसत्याग चौदा वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी कायम आहे, आणि त्याच्या जागी अन्य प्रायश्चित्त नेमण्याचा अधिकार बिशप परिषदेला आहे. नियमाने मासे चालतात, म्हणून आपल्याकडे शुक्रवारी पापलेट तळले जाते आणि कोंबडीपेक्षा महागडे ताट वाढून आपण प्रायश्चित्त केले असे मानतो! शेजारचा माळकरी हे पाहून मनात काय म्हणत असेल, याचा विचार करावा.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. शाकाहारामुळे कोणी अधिक पवित्र होत नाही, आणि मांसाहारामुळे कोणी अपवित्र होत नाही. अपवित्रता अंतःकरणातून निघते, असे प्रभू येशूने स्पष्ट सांगितले आहे. आज काही इमारतींत मासळी खाणाऱ्याला घर नाकारले जाते. मदुराईतील ती जुनी भिंत नव्या विटांनी बांधली जात आहे. ख्रिस्ती शाकाहाराने त्या भिंतीला कधीही हातभार लावू नये. ज्या तरुणाने मांस सोडले आहे, त्याने आईच्या हातचे कालवण खाणाऱ्या भावंडांशेजारीच बसून जेवावे. आणि आईने त्याच्यासाठी उसळीचे एक भांडे अधिक चढवावे. येत्या उपवासकाळात प्रत्येक कुटुंबाने निदान शुक्रवारचे जेवण खऱ्या अर्थाने साधे करावे, त्यातून वाचलेले पैसे गरजूला द्यावेत, आणि जमल्यास त्या दिवशी शेजारच्या माळकरी कुटुंबाला आपल्या पंगतीला बोलवावे, अशी आमची प्रेमाची सूचना आहे.