चित्र आपलं, आवाज कोणाचा?

दरवर्षी १५ ऑगस्टला फोन उघडला की तेच फूटेज समोर येतं. काळं-पांढरं, जरा थरथरणारं. दिल्लीतली तुडुंब गर्दी, तिरंगा, नेहरू. आणि वर कुणीतरी चिकटवलेलं नवं गाणं. तर आजचा प्रश्न साधा आहे: ते शूट करणारा कॅमेरा कोणाचा होता?

भारत सरकारचा नव्हता. कारण १५ ऑगस्ट १९४७ ला सरकारकडे स्वतःचं फिल्म युनिटच नव्हतं. म्हणजे, आधी होतं. दुसऱ्या महायुद्धात भारतीयांना युद्धाच्या बाजूने वळवायचं म्हणून इंग्रजांनी ते उभं केलं. १९४० मध्ये फिल्म अ‍ॅडव्हायजरी बोर्ड आलं (आपले व्ही. शांताराम काही काळ त्याचे प्रमुख निर्माते होते) आणि पुढे इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया. १९४३ मध्ये तर नियमच केला: प्रत्येक थिएटरने प्रत्येक खेळात सरकारमान्य फिल्म दाखवलीच पाहिजे, २००० फूट. म्हणजे साधारण वीस-बावीस मिनिटं. तिकीट काढलंय सिनेमाचं, आधी बघा सरकारचं.

युद्ध संपलं. हा सगळा साहेबाचा प्रचार आहे, यावर आपल्या नेत्यांचा राग होताच, आणि तो योग्यच होता. १९४६ मध्ये युनिट बंद झालं. त्यामुळे झालं काय, की देश स्वतंत्र होत होता तेव्हा चित्रण केलं ते परदेशी न्यूजरील कंपन्यांनी आणि काही खाजगी भारतीय कॅमेरामननी. आपल्या सर्वात मोठ्या दिवसाची बरीचशी दृश्यं आजही बाहेरच्या संग्रहांत आहेत. ब्रिटिश पाथेने २०१४ मध्ये आपल्या सुमारे ८५,००० फिल्म्स यूट्यूबवर टाकल्या, तेव्हा कुठे ती आपल्याला फुकट बघायला मिळायला लागली.

१९४८ मध्ये सरकारने मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू केलं. आणि इथेच मला खरी गंमत वाटते. जो सक्तीचा नियम साहेबाचा म्हणून आपल्याला नको होता, तोच परत आला. आता तो थिएटरच्या लायसन्सची अट झाला. वर थिएटरवाल्याने त्या फिल्मचं भाडंही भरायचं. युद्धकाळात इंग्रजांसाठी या फिल्म्स काढणारे एझ्रा मीर पुढे फिल्म्स डिव्हिजनचेही प्रमुख निर्माते झाले. माणसं तीच, यंत्रणा तीच, फक्त मालक बदलला.

पण थांबा, लगेच नाक मुरडू नका. १९५१ च्या जनगणनेत साक्षरता होती जेमतेम १८ टक्के. वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या माणसाला भाक्रा धरण काय आहे, देवीची लस का टोचून घ्यायची, हे सांगणार कसं? सिनेमाच्या पडद्यावर. हे काम फिल्म्स डिव्हिजनने केलं, आणि आज त्या काळातली गावं, गिरण्या, मोर्चे बघायचे असतील तर त्यांच्याच डब्यांकडे जावं लागतं.

अडचण वेगळीच होती. त्या फिल्म्समधली माणसं बोलत नाहीत. शेतकरी नांगर धरतो, कामगार हसतो, आई बाळाला मांडीवर घेते, आणि वरून एक खणखणीत आवाज सांगतो की ही माणसं किती आनंदात आहेत. याला एक व्यावहारिक कारणही होतं. चित्रासोबत जागेवरच आवाज रेकॉर्ड करणं तेव्हा महाग आणि कटकटीचं. शिवाय एकच फिल्म डझनभर भाषांत काढायची. माणूस गप्प असला की काम सोपं: पुण्यात मराठी आवाज लावा, मद्रासमध्ये तमिळ. तो बिचारा शेतकरी कुठल्या गावचा, हे कुणी विचारायचं कारणच उरत नाही. स्वातंत्र्याआधी त्याच्या वतीने इंग्रज बोलत होता, नंतर सरकार बोलायला लागलं. त्याचा नंबर काही आला नाही. प्रेक्षकही हुशार, तेवढ्या वेळात बाहेर जाऊन बिडी ओढून यायचे.

मग १९६७ उजाडतं. स्वातंत्र्याला २० वर्षं. त्याच फिल्म्स डिव्हिजनमध्ये एस. एन. एस. शास्त्री एक भन्नाट गोष्ट करतात. १९४७ मध्ये जन्मलेल्या, म्हणजे देशाच्याच वयाच्या पोरापोरींसमोर माइक धरतात. तुला काय वाटतं? काय व्हायचंय? फिल्मचं नाव ‘आय अ‍ॅम ट्वेन्टी’. कुणी स्वप्नाळू, कुणी चिडलेलं, कुणाला देशाबिशाचं काही पडलेलं नाही, नोकरी हवीय. सरकारी पैशाने बनलेल्या फिल्ममध्ये! मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा सारखं वाटत होतं, आता तो खणखणीत आवाज येणार आणि सगळ्यांना गप्प करणार. तो काही येत नाही.

त्याच सुमारास एस. सुखदेव यांनी ‘इंडिया ६७’ केली. अख्खा देश, आणि कॉमेंटरीचा एक शब्द नाही.

इथे थांबलो असतो तर गोष्ट छान झाली असती. पण हेच सुखदेव आणीबाणीत ‘थंडर ऑफ फ्रीडम’ बनवतात, १९७६ मध्ये, आणीबाणीचे फायदे सांगणारी. प्रतिभा कमी झाली नव्हती. पण पैसा सरकारचा, थिएटरची वाट सरकारच्या हातात आणि वर सेन्सॉर. सुखदेवना काय वाटत होतं ते त्यांनाच ठाऊक. मला इतकंच दिसतं, की १९६७ ची मोकळीक वरून मिळालेली होती, आणि जे वरून मिळतं ते वरून काढूनही घेता येतं.

बाहेर काय चाललं होतं? आनंद पटवर्धन नावाचा पंचविशीतला मुंबईचा मुलगा बिहारमधलं जेपींचं आंदोलन शूट करून आला होता. हाताशी साधन काय, तर सुपर एट कॅमेरा. ते चित्रण पडद्यावर दाखवायचं आणि पडद्याचंच पुन्हा १६ मिमीवर शूटिंग करायचं, असा जुगाड. आणीबाणी लागली तेव्हा त्या ‘क्रांती की तरंगें’ची प्रिंट तुकडे करून देशाबाहेर न्यावी लागली. तिकडे ते तुकडे जोडले गेले. चित्र खरखरीत आहे. पण १९७४-७५ च्या बिहारमधली माणसं त्यात स्वतःच्या तोंडाने बोलतात.

फिल्म्स डिव्हिजन २०२२ मध्ये एनएफडीसीमध्ये विलीन झालं. त्यांच्या बऱ्याच फिल्म्स आता ऑनलाइन आहेत. ‘आय अ‍ॅम ट्वेन्टी’सुद्धा, वीसेक मिनिटांची, लोकलच्या एका प्रवासात संपेल अशी. त्यातली पोरं आज अठ्ठ्याहत्तरीच्या आसपास असतील. तुमच्या घरात त्या वयाचे आजी-आजोबा असतील तर फोन त्यांच्यासमोर धरा, फिल्म लावा. संपली की तेच प्रश्न त्यांना विचारा, आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा. काय सांगतात ते आम्हालाही पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.