उसवणारे कापड आणि न उसवणारे कापड

मध्य रेल्वेच्या पनवेल–रोहा मार्गावर पेण आणि नागोठणे यांच्या दरम्यान कासू हे स्थानक लागते, आणि तेथून पुढे थोड्याच अंतरावर पेण तालुक्याची हद्द संपून रोहा तालुका सुरू होतो. बाहेरच्या जगाला हे नाव अलीकडे कळले ते मुंबई–गोवा महामार्गाच्या रखडलेल्या रुंदीकरणामुळे, कारण त्या कामाचे टप्पे 'पळस्पे ते कासू' आणि 'कासू ते इंदापूर' असे पाडलेले होते. अंबा नदी, धरमतरची खाडी आणि खारभूमीतील भातशेती यांच्या या पट्ट्यात जुन्या कापडापासून दोरा काढून त्याने विणकाम करण्याची परंपरा होती काय, असा प्रश्न विचारला तर उत्तर सरळ नकारार्थी येते. परंतु ती का नव्हती हे पाहू लागले म्हणजे जुन्या कापडाचा येथील इतिहास उलगडू लागतो.

मागावरचे कापड उभा ताणा आणि आडवा बाणा अशा दोन धाग्यांच्या गुंफणीतून तयार होते, आणि ते फाटले की कडेचे धागे तुटक तुटक सुटतात. सुयांवर किंवा क्रोशाच्या आकड्यावर केलेली वीण मात्र एकाच अखंड धाग्याच्या एकमेकांत अडकवलेल्या फासांची असते, आणि शेवटचा फास सोडला की सारी वस्तू उसवून पुन्हा धागा हाती येतो. पहिल्या प्रकारचे कापड जुने झाले की त्याचे तुकडे जोडावे लागतात आणि दुसऱ्या प्रकारचे जुने झाले की ते मुळापासून नव्याने विणता येते. म्हणूनच एखाद्या प्रदेशात जुन्या कापडाचे काय होते हे तेथील लोकांच्या काटकसरीपेक्षाही ते कोणत्या जातीचे कापड नेसत होते यावर अधिक अवलंबून राहिले आहे.

कासूच्या परिसरात आगरी, कातकरी, ठाकूर आणि इतर समाजांच्या स्त्रिया जे नेसत ते मागावरचे सुती लुगडे होते, आणि नऊ वारांचे, म्हणजे सुमारे आठ मीटरांचे, हे वस्त्र घरातील कापडाचा सर्वांत मोठा साठा होता. खाजणातील चिखल आणि खारे पाणी यांत वावरणाऱ्या अंगावर ते लवकर विरत असे, तरी त्याचा सर्व भाग सारखा झिजत नसल्यामुळे धड राहिलेला तुकडा काढून घेता येई. वारंवार धुण्याने मऊ पडलेला भाग तान्ह्या मुलाच्या दुपट्याला आणि लंगोटाला जाई, मोठे तुकडे गोधडीच्या थरांत बसत, आणि त्याहून लहान चिंध्यांपासून दिव्यासाठी वाती, काकडे आणि शेणाने जमीन सारवण्याचे पोतेरे होत असे. पोतेरे झाल्यावर मात्र कापडाचे आयुष्य खरोखरच संपे.

यांतील गोधडी ही वस्तू विणकामाच्या सर्वांत जवळ येते, पण तिची कृती शिवणाची आहे. जुनी लुगडी, धोतरे आणि चादरी एकावर एक पसरून बाहेरून आतल्या दिशेने धावदोरा, म्हणजे कापडात सुई एकदा वर व एकदा खाली घालत पुढे जाणारा टाका, घातला की विरलेल्या थरांना एकमेकांचा आधार मिळतो. देशावर हीच वस्तू वाकळ म्हणून ओळखली जाते. बंगालमधील कांथा हा गोधडीचा भाऊबंद असून त्याच्या भरतकामासाठी जुन्या साडीच्या रंगीत काठातून ओढून काढलेले धागे वापरण्याची रीत होती. जुन्या मागकापडापासून धागा मिळवण्याचा हा भारतीय घरातील बहुधा सर्वांत नाजूक प्रकार होता, आणि तोही सजावटीपुरता. त्या धाग्याने नवे वस्त्र विणणे शक्य नव्हते.

लोकरीचे कापड या परिसरात असलेच तर ते घोंगडीच्या रूपाने असे. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली घोंगडी घाटावरच्या धनगरांकडून खाली येई, आणि पावसाळ्यात ती अंगावर घेऊन शेतात काम करता येत असे. परंतु घोंगडीही मागावरचीच. शिवाय कोकणच्या दमट हवेत विणलेल्या लोकरी कपड्याची गरजच अल्प होती.

लोकरीच्या चिंध्यांतून पुन्हा सूत काढण्याचा धंदा उभा राहिला तो थंड देशात. इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातील बॅटली येथे बेंजामिन लॉ याने 1813 च्या सुमारास जुने लोकरी कापड यंत्राने पिंजून, त्यात थोडी नवी लोकर मिसळून कातण्याची पद्धत बसवली, आणि या मालाला 'शॉडी' हे नाव पडले. लोकरीचा तंतू लांब असल्यामुळे पिंजताना तुटूनही तो पुन्हा कातण्याजोगा उरतो, तर जुन्या सुती कापडाचा मुळातच आखूड तंतू पिंजल्यावर इतका आखूड होतो की त्याचे चांगले बारीक सूत निघणे अवघड असते. भारतात हा धंदा विसाव्या शतकात पानिपतला रुजला, जेथे परदेशांतून आलेले लोकरी कपडे रंगांनुसार वेगळे करून पिंजले जातात, म्हणजे सूत वेगळे रंगवावे लागत नाही, आणि त्यांतून आपद्ग्रस्तांना वाटण्याची स्वस्त ब्लँकेटे बनतात. मराठी माणसाला पानिपत आठवते ते निराळ्या कारणाने. पण पूर आणि भूकंपात वाटल्या गेलेल्या अशा ब्लँकेटांशीही त्या गावाचा संबंध आहे.

कोकणच्या घरांत सुया आणि आकडा आले ते एकोणिसाव्या शतकापासून, मिशनच्या मुलींच्या शाळांतून आणि पुढे सुधारक संस्थांच्या वर्गांतून. रमाबाई रानडे यांनी 1909 मध्ये पुण्यात उभ्या केलेल्या सेवासदनाने प्रौढ स्त्रियांना शिक्षणाबरोबर हस्तकौशल्य दिले, आणि शिवण-विणकाम हा मध्यमवर्गीय मुलीच्या शिक्षणाचा भाग ठरला. क्रोशाची साखळी आणि खांब यांनी दाराची तोरणे आणि टेबलावरचे रुमाल सजले, तर सुयांच्या सुलट-उलट टाक्यांनी बाळाची टोपडी आणि स्वेटर. लहान झालेला स्वेटर शिवणी सोडून, वीण बंद केलेल्या टोकापासून उसवायचा, वळ्या पडलेल्या लोकरीची लडी करून ती धुवायची, खाली वजन बांधून वाळवायची आणि मग गुंडा करून मोठ्या मापाने पुन्हा विणायचा, ही पद्धत त्या घरांना चांगली माहीत होती. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या सरकारने 1943 मध्ये 'जुने दुरुस्त करा' असा प्रचार केला, आणि त्याच वर्षी भारतात सुती कापड व सूत यांच्यावर नियंत्रणाचा हुकूम निघाला. तथापि खारभूमीतल्या ज्या स्त्रीकडे स्वेटरच नव्हता तिला टंचाईत उसवण्यासारखे काही नव्हते. तिच्या वाट्याला गोधडीचे आणखी काही थर आले.

या प्रदेशाचा मुंबईशी संबंध जुना आहे. खाडीतून धरमतर आणि नागोठण्यापर्यंत बोटी चालत, आणि आपटा–रोहा रेल्वे 1986 मध्ये झाल्यावर तो आणखी सुकर झाला. मुंबईच्या गिरण्यांनी कापड स्वस्त केले आणि त्यांतूनच गिरण्यांतील सुताचे टाकाऊ गुंतवळे, ज्यांना यंत्र पुसणारा कामगार आजही 'वेस्ट' म्हणतो, आणि कटपीसचा व्यापार उभा राहिला. शहरात आणि तालुक्याच्या गावांत बोहारीण दारोदार फिरून जुन्या कपड्यांच्या बदल्यात भांडी देऊ लागली. त्यामुळे जे कापड घरातल्या घरात गोधडीपासून पोतेऱ्यापर्यंत उतरत जाई ते आता स्टीलच्या पातेल्याच्या मोबदल्यात बाजाराकडे जाऊ लागले. मुंबईच्या गिरण्यांचा संप 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झाला, आणि त्याच वर्षी याच जिल्ह्यात पाताळगंगा येथे रिलायन्सचा पॉलिएस्टर धाग्याचा कारखाना सुरू झाला. एकाच वर्षातील या दोन घटना येथील कापडाच्या इतिहासात योगायोगाहून अधिक काही आहेत, असे म्हणण्यास जागा आहे. नागोठण्याला पुढे आयपीसीएलचा पेट्रोरसायन प्रकल्प आला, जेथे मुंबई हायच्या वायूपासून इथिलीन तयार होऊ लागले, आणि इथिलीनपासून मिळणारे ग्लायकॉल हा पॉलिएस्टरच्या दोन मुख्य घटकांपैकी एक आहे. पॉलिएस्टरच्या साडीची गोधडी घाम शोषत नाही आणि तिचे थर सरकतात, ही तक्रार त्यानंतरची.

आज क्रोशाच्या बाजारात 'टी-शर्ट यार्न' म्हणून जो जाड धागा मिळतो तो या जुन्या भेदाला वळसा घालतो. टी-शर्ट आणि बनियन यांचे कापड यंत्रावर का होईना विणीचे असल्याने त्याची अखंड पट्टी कापून लांबीत ओढली की कडा आत गुंडाळून पोकळ दोरी बनते, आणि ती न पिंजता, न कातता थेट आकड्यावर घेता येते. तिरुप्पूरसारख्या बनियनच्या केंद्रांतील कात्रणे अशा धाग्यासाठी सोयीची ठरतात. मात्र तयार टी-शर्ट एकाच धाग्यापर्यंत उसवत नाही, कारण त्याचे भाग कापून ओव्हरलॉकच्या शिवणीने जोडलेले असतात. आणि त्यात कापसाबरोबर पॉलिएस्टर व ताणणारा स्पँडेक्स मिसळलेला असेल तर तो पिंजून घेतल्याने घटक वेगळे होत नाहीत. असा माल बहुधा गाद्या-उशांच्या भरावात जातो. पेण किंवा नागोठण्याच्या बाजारात विकला जाणारा लेगिंग आणि टी-शर्टचा जोड याच जातीचा असतो, आणि त्याची पट्टी काढून पायपुसणे विणायचे तर मऊ, शुद्ध सुती बनियन वेगळे ठेवावे लागतात.