मोठ्या टॉवरचं मौन

मोबाइलच्या सिग्नलमधल्या व्यत्ययाचं खापर आपण गर्दीवर नाहीतर इमारतींवर फोडतो. या व्यत्ययाचं कुळ शोधायला जावं तर तो ‘सेल’चाच जुळा भाऊ निघतो. बेल लॅब्जच्या डग्लस रिंग यांनी डिसेंबर 1947च्या टिपणात परिसराचे षट्कोनी तुकडे, म्हणजेच सेल, पाडून एकीकडची वारंवारिता पुरेशा दूरच्या तुकड्यात पुन्हा वापरायची कल्पना मांडली. एकाच उंच अँटेनावर सगळं शहर चालवण्याच्या जुन्या पद्धतीत, अगदी 1970च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्येसुद्धा, एका वेळी बाराच संभाषणं होऊ शकत. पुनर्वापराने ती कोंडी फोडली खरी, पण एकाच वारंवारितेवर बोलणारे दोघेही त्यातूनच जन्मले. त्यांच्या भांडणावर तेव्हाचा तोडगा होता अंतर.

फोर-जीत शेजारशेजारचे टॉवरही तीच वारंवारिता वापरू लागले आणि गर्दीच्या जागी मोठ्या सेलच्या पोटातच छोटे सेल बसले. पोटातल्याला दूर कसं ठेवणार? मोठा टॉवर साधारण 40 वॅटचा, छोटा जेमतेम एका वॅटचा. फोन धावतो जोरदार आवाजाकडे, म्हणून छोट्या सेलला मुद्दाम झुकतं माप देऊन त्याची हद्द वाढवली गेली. त्या वाढीव हद्दीतल्या फोनला मात्र मोठ्या टॉवरच्या आवाजापुढे स्वतःचा सेल ऐकूच येईना. म्हणजे दुखणं निम्मं औषधानेच आणलेलं! 2011च्या सुमारास पक्क्या झालेल्या फोर-जी मानकाच्या दहाव्या आवृत्तीने अंतराची जागा वेळेला दिली: मोठ्या टॉवरने ठरलेल्या काही मिलिसेकंदांत गप्प बसायचं, आणि त्याचं वेळापत्रक छोट्यांना आधी कळवायचं.

छोट्यांना वेगळी वारंवारिता का देऊ नये, हा आक्षेप रास्त आहे. पण स्पेक्ट्रम मोजकं आणि महाग, त्याची वाटणी केली की दोघांचंही ताट अर्धं. टॉवरचं मौन म्हणजे क्षमतेची नासाडी, हा आक्षेप अधिक वजनदार. छोटे सेल एक-दोनच असतील तर तो खराही आहे. मात्र दहा असतील, तर तोच मिलिसेकंद दहाही जण एकदम वापरतात, आणि हिशेब फिरतो. शिवाय हे मौन पुरतं नसतंच. जुन्या फोनांना टॉवर हरवल्यासारखा वाटू नये म्हणून संदर्भ-संकेत चालूच ठेवावे लागतात. त्यामुळे त्या मिलिसेकंदाचं अधिकृत नावही ‘जवळजवळ कोरा’ अशाच अर्थाचं आहे. ती उरलेली कुजबुज फोननेच वजा करून टाकायची, ही सोय अकराव्या आवृत्तीत आली.