गोझो बेट आणि तेथील बायका

आपल्या स्मरणिकेत इतिहासावर लिहावयाचे म्हणजे जिजाबाई, अहिल्याबाई, झाशीची राणी हे विषय ठरलेलेच. ते लिहिणाऱ्या माझ्याहून शिकलेल्या भगिनी मंडळात पुष्कळ आहेत. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. परंतु धाकट्या जाऊबाईंच्या बाळंतपणासाठी दोन महिने माल्टा देशात राहण्याचा योग आला, तेव्हा भाऊजींनी सुटीच्या दिवशी मला गोझो बेट दाखविले. त्याची हकीगत सांगते.

माल्टा हा इटलीच्या दक्षिणेस, भूमध्य समुद्रातला चिमुकला देश. गोझो हे त्यातलेच एक बेट, अवघे 67 चौरस किलोमीटरचे. बोटीने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येते. लोक ख्रिस्ती, पण भाषा अरबीच्या कुळातली, म्हणून चर्चमध्येही देवाला ‘अल्ला’च म्हणतात! ऐकून मी चकितच झाले.

शाआरा गावाच्या कडेला जगान्तिया नावाची दोन देवळे आहेत. ती बांधून साडेपाच हजार वर्षे झाली, म्हणजे मिसर देशातल्या पिरॅमिडांच्याही आधीची. लोखंड-तांबे तेव्हा तेथे ठाऊक नव्हते. तरी काही दगड पाच मीटरहून मोठे आणि पन्नास टनांहून जड. छप्पर उरलेले नाही, पण वाटोळ्या दालनांच्या भिंती उभ्या आहेत.

आपल्याकडे जुने देऊळ दिसले की पांडवांनी एका रात्रीत बांधले म्हणतात ना, तसे तेथले लोक म्हणतात, हे एका राक्षसिणीने बांधले. खांद्याला तान्हे मूल, आणि खाणे काय, तर घेवड्यासारखे मोठे दाणे व मध. आम्ही जाऊबाईंसाठी डिंकाचे लाडू आणि अळीव नेले होते. या बाईने दाण्यांवर बाळंतपण काढून वर देऊळही उठविले! गोष्ट आहे खरी, पण मला ती आवडली. मूल कुणाकडे तरी ठेवून कामाला गेली असे रचणाऱ्यालाही सुचले नाही.

बेटाच्या मध्यावर व्हिक्टोरिया गाव आणि टेकडीवर किल्ला. येथे मात्र पाय जड झाले. 1551 च्या जुलै महिन्यात तुर्कांचे आरमार आले. किल्ला थोड्या दिवसांत पडला आणि सुमारे पाच हजार माणसे, म्हणजे जवळजवळ सारे बेट, गुलाम करून नेले. (माल्टाचे ख्रिस्ती सरदारही तुर्क पकडून गुलाम करीतच, हेही सांगितले पाहिजे.) पुढे कित्येक वर्षे, 1637 पर्यंत, गोझोकरांनी रात्र किल्ल्यातच काढावी असा कायदा होता. दिवसभर शेतात राबावयाचे, आणि तिन्हीसांजेला पोरेबाळे घेऊन पुन्हा टेकडी चढावयाची. त्या चढावर मी एकटी, रिकाम्या हातांनी चालले तरी मला धाप लागली.

त्या वेढ्यातला बेर्नार्दो दे ओपुओ नावाचा एक शिपाई सांगतात. बायको आणि दोन मुली शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून त्याने त्यांना स्वतःच ठार केले आणि मग लढता लढता मेला. किल्ल्यातल्या एका गल्लीला त्याचे नाव आहे. आपण राजपुतांचा जोहार वाचतो, तेव्हा अंगावर काटा येतो आणि अभिमानही वाटतो. येथे मला अभिमान काही वाटेना. त्या बाईला आणि मुलींना कुणी विचारले होते काय? गुलामीतून काही लोक खंडणी भरून सुटून परतही आले होते. गल्लीला नाव बेर्नार्दोचे. तिचे नाव काय, ते मला कुणी सांगितले नाही.

उन्हे उतरता आर्ब गावाबाहेरचे ता पिनू हे चर्च पाहिले. 1883 साली कार्मनी ग्रीमा ही पंचेचाळीस वर्षांची, शेतावर राबणारी बाई येथल्या लहानशा देवळापाशी आली आणि तिला आतून एका बाईची हाक ऐकू आली. दोनएक वर्षे ती कुणाजवळ बोलली नाही. लोक काय म्हणतील, दुसरे काय! खरेखोटे तिला आणि तिच्या देवाला ठाऊक. पण पुढे लोकांचा विश्वास बसला, आणि 1920 मध्ये मोठ्या चर्चचे काम सुरू झाले.

आत बाजूच्या खोल्यांत नवस फेडलेल्यांच्या वस्तू ठेवल्या आहेत: कुबड्या, फोटो, तान्ह्या बाळांची झबली. जुने देऊळ त्यांनी पाडले नाही. नव्या चर्चच्या पोटात, वेदीच्या मागे, ते जसेच्या तसे ठेवले आहे. वाकून आत जावे लागते. मी गेले तेव्हा आत दोन म्हाताऱ्या जपमाळ ओढीत बसल्या होत्या. त्यांनी सरकून मला बाकावर जागा दिली.