परक्या प्रोजेक्टरवर सादरीकरण : पडदा कोरा राहिल्यास काय पाहावे?

कोल्हापूर शहरालगतच्या, करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीसारख्या गावात ग्रामसभेपुढे पाणीयोजनेचा आराखडा मांडायचा असो वा शाळेत पालकांना माहिती द्यायची असो. लॅपटॉप वक्त्याचा आणि प्रोजेक्टर यजमानांचा, अशीच स्थिती बहुधा असते. दोन्ही यंत्रे त्या दिवशी प्रथमच एकत्र येतात. पडदा कोरा राहिला, की कामधंदा सोडून आलेली माणसे एकेक करून उठू लागतात आणि महत्त्वाचा विषय चर्चेविनाच राहून जातो. अशा वेळी यंत्र बिघडलेले असतेच असे नाही; अनेकदा केवळ दोहोंचा मेळ बसलेला नसतो. तो पुढील क्रमाने तपासावा.

जोडणी : आयबीएमने १९८७ मध्ये आणलेले १५ पिनांचे व्हीजीए सॉकेट जुन्या प्रोजेक्टरवर आजही आढळते. नव्या लॅपटॉपवर मात्र एचडीएमआय किंवा यूएसबी-सी असते. व्हीजीएचा संदेश अ‍ॅनालॉग, तर एचडीएमआयचा डिजिटल. म्हणून केवळ टोके बदललेली केबल उपयोगी पडत नाही. संदेशाचे रूपांतर करणारा अ‍ॅडॉप्टर लागतो. तो सहसा एकाच दिशेने काम करतो, हे खरेदी करताना ध्यानात ठेवावे. प्रत्येक यूएसबी-सी सॉकेटातून चित्र बाहेर पडतेच असे नाही; काही केवळ चार्जिंग आणि फायलींच्या देवाणघेवाणीसाठी असतात.

सोर्स : पडद्यावर 'नो सिग्नल' अशी अक्षरे उमटली, तर प्रोजेक्टर सुरू आहे, पण त्याच्यापर्यंत चित्र पोहोचत नाही, एवढे निश्चित होते. केबल ज्या सॉकेटात आहे तेच नाव 'सोर्स' अथवा 'इनपुट' बटणाने निवडावे.

लॅपटॉपची आज्ञा : २००९ मध्ये आलेल्या विंडोज ७ पासून 'विंडोज' आणि 'पी' ही बटणे एकत्र दाबताच चार पर्याय दिसतात. त्यांतील 'डुप्लिकेट' निवडावा. 'एक्स्टेंड' निवडल्यास पडद्यावर रिकामा डेस्कटॉप दिसतो आणि वक्ता उगाच गोंधळतो.

रिझोल्यूशन : जोडणी होताच प्रोजेक्टर स्वतःची क्षमता लॅपटॉपला कळवतो. लांब केबल किंवा मध्ये बसवलेला स्प्लिटर यांमुळे ही माहिती कधीकधी पोहोचत नाही. चित्र लुकलुकत असेल किंवा 'आउट ऑफ रेंज' असा संदेश आला, तर १०२४ × ७६८ हे जुन्या यंत्रांना सहसा मानवणारे रिझोल्यूशन ठेवून पाहावे. तरीही यश न आल्यास दोन्ही यंत्रे बंद करून आधी प्रोजेक्टर आणि मग लॅपटॉप सुरू करावा.

आवाज : व्हीजीए केबलमधून आवाज जात नाही, त्यासाठी स्पीकरची वेगळी वायर लागते. एचडीएमआयमधून आवाज जातो; मात्र तो प्रोजेक्टरच्या क्षीण स्पीकरमधून येत असेल, तर लॅपटॉपच्या ध्वनी-सेटिंगमध्ये दुसरा स्पीकर निवडावा.

मराठी अक्षरे : लॅपटॉप जुळलाच नाही, तर फाइल पेन ड्राइव्हवरून यजमानांच्या संगणकावर उघडावी लागते. श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतीदेव अशा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये मजकूर असेल आणि तो फॉन्ट तेथे नसेल, तर देवनागरीऐवजी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. मजकूर युनिकोडमध्ये लिहिणे आणि सादरीकरणाची पीडीएफ प्रत सोबत ठेवणे, हे यावरचे दोन उपाय. पीडीएफमध्ये हालचाली आणि चलचित्रे राहत नाहीत, परंतु अक्षरे व आकृत्या शाबूत राहतात.

प्रोजेक्टरवर कोणते सॉकेट आहे, हे यजमानांना आदल्या दिवशीच विचारावे आणि कार्यक्रमापूर्वी अर्धा तास पोहोचून जोडणी पाहावी. वीज गेल्यास यांपैकी कोणताच उपाय चालत नाही. म्हणून मुख्य आकडे आणि नकाशा यांच्या काही छापील प्रती जवळ असाव्यात. पडदा अंधारला, तरी सभा पुढे चालली पाहिजे.