शिष्यत्वाचे मोल : मराठी ख्रिस्ती परंपरेतील श्रद्धा आणि आरोग्य



आपल्या दिवंगत गुरुजींच्या स्मरणार्थ शाळेने योजिलेल्या या व्याख्यानासाठी मला पाचारण केले, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. आरंभीच एक सांगितले पाहिजे. मी ख्रिस्ती नाही. वारकरी घरात वाढलेला आणि आयुष्यभर मराठी वाङ्मय शिकविलेला मनुष्य आहे. परंतु लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वर्गात शिकवीत असताना एका विद्यार्थिनीने मला विचारले होते, “सर, धर्म टिळकांनी बदलला, मग शिक्षा बाईंना का झाली?” तेव्हा मी काहीतरी उत्तर दिले. ते अपुरे होते, हे मला त्याच दिवशी जाणवले. आजचे हे विवेचन म्हणजे त्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे.

शुभवर्तमान वाचताना दोन स्वर ऐकू येतात. एक स्वर आरोग्याचा आहे. यरीहोच्या वाटेवर बसलेला बार्तिमय नावाचा आंधळा भिकारी हाका मारतो, लोक त्याला गप्प बसवू पाहतात, येशू थांबतो आणि त्याला दृष्टी देऊन म्हणतो की तुझ्या विश्वासानेच तू बरा झालास. दुसरा स्वर हिशेबाचा आहे. बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा, त्याचप्रमाणे माझ्यामागे येणाऱ्याने आईबाप, बायकामुले आणि स्वतःचा जीव यांचेही मोल मोजण्याची तयारी ठेवावी, असे लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. पहिला स्वर सर्वांना प्रिय असतो, दुसरा थोड्यांना. जर्मन धर्मवेत्ता डीट्रिश बोनहोफर याने १९३७ साली या दुसऱ्या स्वरावरच ग्रंथ लिहिला. स्वस्तात मिळणारी कृपा ही कृपाच नव्हे, असा त्याचा आशय होता. १९४५ च्या एप्रिलमध्ये नाझी राजवटीने त्याला फाशी दिले. परंतु हा हिशेब आपल्या मराठी मुलखात त्याच्या शंभर वर्षे आधीपासून मांडला जात होता, आणि त्याची काही पाने आपल्या जुन्या हैदराबाद संस्थानातच आहेत.

पहिले पान शेषाद्री बंधूंचे. नारायण शेषाद्री हे निजामाच्या मुलखातील ब्राह्मण कुटुंबातले. मुंबईला स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकत असताना, १८४३ साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत त्या वेळी अल्पवयीन होता. त्याचा बाप्तिस्मा झाला नव्हता. परंतु तो मिशनऱ्यांच्या घरी राहिला होता, त्यांच्या पंक्तीला जेवला होता. वडिलांनी सुप्रीम कोर्टात धाव घेतली आणि न्यायालयाने मुलाला बापाच्या स्वाधीन केले. खटला संपला, पण मुलाची परवड तेथूनच सुरू झाली. त्याला जातीत परत घ्यावयाचे की नाही, यावरून मुंबईच्या ब्रह्मवृंदात मोठा वाद माजला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर प्रायश्चित्त देऊन मुलाला शुद्ध करून घ्यावे या पक्षाचे होते, त्यापायी त्यांना सनातन्यांचा रोष सोसावा लागला. मोठ्या भावाने निवड केली होती. धाकट्याने कसलीच केली नव्हती. तरी दोन्ही घरांच्या उंबरठ्यावर अडवला गेला तो धाकटाच.

नारायण शेषाद्री पुढे पाद्री झाले आणि आपल्या जन्मभूमीकडे, म्हणजे निजामशाहीतील जालन्याकडे वळले. तेथे त्यांच्याभोवती जमली ती मंडळी मुख्यतः मांग समाजातील होती. जालन्याजवळ सालारजंगांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल हे गाव वसविले. ब्राह्मण घरातून बाहेर पडलेला एक मनुष्य आणि ज्यांना गावाने कधी वेशीच्या आत घेतलेच नाही अशी माणसे एका वस्तीत आली. मुसलमान संस्थानाच्या हिंदू-मुसलमान प्रजेत, शिया दिवाणाच्या देणगीवर उभे राहिलेले हे ख्रिस्ती गाव. आपल्या दख्खनचा स्वभाव यात दिसतो. नारायणरावांचा मृत्यू १८९१ साली परदेशच्या प्रवासात झाला.

या हिशेबात सरकारलाही लक्ष घालावे लागले. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्मांतर करणाऱ्याचा वारसाहक्क शाबूत राखला. १८६६ च्या कायद्याने, जोडीदाराने धर्मांतरामुळे संबंध तोडले असतील तर विवाह रद्द करवून घेण्याची वाट धर्मांतरिताला मोकळी करून दिली. कायद्याने मोल मोजले ते मालमत्तेचे आणि वैवाहिक हक्काचे. परंतु विहिरीवरचे पाणी, लग्नाकार्याचे बोलावणे, आईच्या हातची भाकरी यांची भरपाई कोणत्या कायद्याने करावी?

नारायण वामन टिळकांच्या घरी हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला. नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत भेटलेल्या एका युरोपियन प्रवाशाने त्यांना नवा करार दिला आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना आधी कल्पना नव्हती. पदरी लहान मुलगा, नवरा जिवंत असून नसल्यासारखा, आणि भोवती सांत्वनाच्या मिषाने टोचणारे लोक. नाशिक आणि पंढरपूर येथे त्यांनी काढलेली ती वर्षे ज्यांनी ‘स्मृतिचित्रां’त वाचली असतील, त्यांना मी अधिक काय सांगावे? १८६६ च्या कायद्याची वाट टिळकांना खुली होती. ते तिकडे वळले नाहीत. त्यांनी वाट पाहिली. काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्यांच्याकडे राहावयास गेल्या आणि १९०० साली, स्वतःच्या विचाराने जातिभेद सोडून देऊन मग त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पतीमागे फरफटत गेलेली स्त्री असे त्यांचे चित्र रंगविणे अन्यायाचे होईल. परंतु मधल्या वर्षांचे मोल त्यांनी भरले, आणि ते त्यांच्या संमतीवाचून भरावे लागले, हेही तितकेच खरे.

त्या मोलातून काय निपजले? अहमदनगरला प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करणाऱ्या लक्ष्मीबाई याच. एकेकाळी सोवळ्याओवळ्यात वाढलेले हात, ज्यांच्याजवळ सख्खे नातलगही जात नसत अशा आजाऱ्यांची सेवा करीत होते. टिळकांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ १९१९ साली त्यांच्या निधनामुळे अपुरे राहिले. तेही पुढे लक्ष्मीबाईंनीच पुरे केले.

आता पंडिता रमाबाईंकडे वळतो. श्रद्धा आणि आरोग्य यांचा संबंध त्यांच्याइतका कठोरपणे क्वचितच कोणी तपासला असेल. १८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले, १८८० मध्ये भाऊ गेला, १८८२ मध्ये पती. १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. १८८९ साली मुंबईत शारदासदन काढले, तेव्हा न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर त्यांच्या पाठीशी होते. मुली ख्रिस्ती प्रार्थनेला बसतात या कारणावरून १८९३ साली या सल्लागारांनी अंग काढून घेतले. ज्या पुणेकरांनी त्यांना पंडिता म्हणून डोक्यावर घेतले होते, त्यांचेच दरवाजे बंद झाले.

पुढे केडगावच्या मुक्तिसदनात १९०५ साली प्रार्थनेची मोठी लाट उसळली आणि तिची वार्ता जगभर पोहोचली. चमत्काराची ओढ असणाऱ्यांना तेवढेच आठवते. मला आठवतात त्या दुसऱ्या गोष्टी. स्वतः रमाबाई ऐकण्यास अधू होत्या आणि ते अधूपण शेवटपर्यंत टिकले. १८९७ च्या प्लेगात, पुण्याच्या सरकारी प्लेग-इस्पितळात स्त्रियांचे कसे हाल होतात, हे त्यांनी वृत्तपत्रातून निर्भीडपणे मांडले आणि गव्हर्नरांची नाराजी ओढवून घेतली. श्रद्धा आहे म्हणून इस्पितळ नको, असे त्या म्हणाल्या नाहीत. इस्पितळात माणुसकी हवी, असा त्यांचा आग्रह होता. आणि केडगावात अंध स्त्रियांसाठी त्यांनी जे घर काढले, त्याला नाव दिले ‘बार्तिमी सदन’. यरीहोच्या वाटेवरच्या बार्तिमयाला दृष्टी मिळाली. केडगावच्या बायकांचे डोळे तसे उघडले नाहीत. परंतु त्यांची कन्या मनोरमा ब्रेल लिपी शिकून आली, त्या बायकांची बोटे वाचू लागली, हातांना काम मिळाले. मला वाटते, या नामकरणात रमाबाईंची संपूर्ण ईश्वरविद्या सामावली आहे.

मनोरमाबाईंच्या नावाने हा धागा पुन्हा आपल्या संस्थानात येतो. त्या वेळी निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्ग्याला रमाबाईंच्या कार्याची शाखा निघाली, ती त्यांच्याच परिश्रमाने. मात्र १९२१ च्या जुलैत मनोरमाबाई आईच्या आधी गेल्या. केडगावात त्यांच्यासाठी प्रार्थना झाली नसेल काय? एप्रिल १९२२ मध्ये रमाबाईंनी देह ठेवला, तोवर हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांनी हातावेगळे केले होते. संत पौलानेही आपल्या शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा प्रार्थना केली होती. काटा निघाला नाही. त्याने प्रवास थांबविला नाही.

शेवटचे पान आपल्या अगदी जवळचे आहे. सिकंदराबादहून मनमाडकडे जाणारा लोहमार्ग आपणांपैकी अनेकांच्या परिचयाचा आहे. आपली माहेरे आणि आजोळे त्याच वाटेवर. या मार्गावर निजामाबादच्या अलीकडे डिचपल्ली लागते. वेस्लियन मिशनच्या डॉ. इझाबेल केर आणि त्यांचे पती जॉर्ज केर यांनी तेथे १९१५ साली कुष्ठरोग्यांसाठी इस्पितळ उघडले. राजा नरसा गौड या हिंदू गृहस्थांनी त्यासाठी मोठी देणगी दिली. त्या काळी कुष्ठरोग बरा करणारे खात्रीचे औषध नव्हते. पुढे कडू कवठीच्या वर्गातील तेलाची वेदनादायक इंजेक्शने आली. सल्फोन औषधे आली ती १९४० नंतर. म्हणजे आरंभी तेथे आलेल्या रोग्याला देण्याजोगे होते ते स्वच्छ अंथरूण, जखमांची मलमपट्टी, शेतीचे काम आणि नावाने हाक मारणारा मनुष्य. घराने टाकलेले रोगी आणि स्वतःचे घर सोडून आलेले सेवक यांची तेथे गाठ पडली. आरोग्याचा आरंभ, माझ्या मते, त्या भेटीतच झाला. औषध मागून आले.

हे सारे सांगून झाल्यावर त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नाला मी काय उत्तर देतो? एवढेच की शिष्यत्वाचे मोल एकट्या शिष्याला कधीच भरता येत नाही. श्रीपतने भरले, लक्ष्मीबाईंनी भरले, मनोरमाबाईंनी भरले. श्रद्धेच्या गौरवगाथा लिहिणारे ही नावे समासात टाकतात. इतिहासकाराने ती मजकुरात आणली पाहिजेत. ज्याला कोणत्याही सत्यासाठी घर सोडावयाचे आहे, मग ते धर्माचे असो, देशकार्याचे असो वा विद्येचे, त्याने बुरुजाचा खर्च मांडताना आपल्या मागे राहणाऱ्यांचा आकडाही मांडावा. आणि समाजाने, विशेषतः स्वतःस धार्मिक म्हणविणाऱ्या समाजाने, तो आकडा बहिष्काराने फुगवू नये. कारण या शिक्षेतील मोठा वाटा धर्मांतराचा नव्हता, तो शेजाऱ्यांचा होता.

मागितलेले आरोग्य या माणसांना पुष्कळदा मिळाले नाही. परंतु मोल भरून झाल्यावर ती कडवट झाली नाहीत. दुसऱ्या कोणाच्या तरी उशाशी जाऊन बसली. त्या विद्यार्थिनीला हे त्या दिवशी वर्गातच सांगावयास हवे होते. आज ती या सभागृहात नसेलही. तिच्या वयाच्या मुली आणि मुले आहेत, म्हणून हे सांगितले.